पन्नीवरचे सातिये

शेततळ्यात अंथरतात ती काळी, जाड प्लॅस्टिकची पन्नी कुठे गुंडाळून ठेवलेली दिसली, की माझे डोके आजही फिरते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेच आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. ही घटना मात्र जशीच्या तशी लक्षात राहिली आहे आणि आठवली, की त्या दिवशी जेवण गोड लागत नाही.

नावे कुणाचीच देणार नाही. जी गेली ती नाव छापल्याने परत येणार नाही आणि जे सुटले ते नाव छापल्याने लाजणाऱ्यांतले नाहीत.

मी तेव्हा इंदूरच्या बाहेर, ग्रामीण भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्या मध्य प्रदेशात त्याला टीआय म्हणतात. आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेबरोबर माळव्यात आले आणि इथलेच झाले. त्यामुळे घरात मराठी, ठाण्यात हिंदी आणि खेड्यात गेलो की माळवी, अशा तीन भाषांत माझी नोकरी झाली. ठाण्यातले हेडसाहेब, म्हणजे हेड कॉन्स्टेबल, जुन्या इंदुरातले. तेही मराठीच. त्यांची मराठी ऐकून पुण्याचा माणूस घाबरला असता, पण माणूस ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

मार्च महिना संपत आला होता. दुपारी हेडसाहेबांच्या फोनवर एका खबऱ्याचा फोन आला. फाट्यावर चहाची टपरी चालवणारा माणूस होता तो. फोन ठेवून हेडसाहेब माझ्या खोलीत आले.

"साहेब, एका गावात बहू मेलीय. पानीत डूबली म्हणतात. पण अर्थी फटाफट बांधून राहिले आहेत आणि मायकेवाले अजून पोचलेच नाहीत."

"लग्नाला किती वर्षं?"

"दोन-अडीच होतील."

लग्नाला सात वर्षे झालेली नसताना सून मेली आणि माहेरच्यांना तोंड न दाखवता सरण रचले जात असेल, तर पोलिसाने जेवणाचे ताट बाजूला सारून निघायचे असते. आम्ही निघालो. नायब तहसीलदारांना वाटेतूनच फोन केला, कारण अशा मृत्यूचा पंचनामा त्यांच्यासमोर व्हावा लागतो.

आम्ही पोचलो तेव्हा तिला अंघोळ घालून नवी साडी नेसवली होती. मी अंत्यविधी थांबवला. बायकांनी रडण्याच्या जागी मला शिव्या दिल्या. पोलिसाला त्याची सवय असते. तिचा नवरा ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता. पंचविशीतला, अंगाने धडधाकट. "काय झाले?" विचारले तर एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "पानी लेने गई थी, पग फिसल गयो."

शेतात जाऊन पाहिले. घरामागे थोड्या अंतरावर नवे खोदलेले चौकोनी शेततळे होते. आत गढूळ पाणी, काठाला काळ्या मातीचा चिखल. ट्रॅक्टरच्या चाकांच्या ताज्या खुणा होत्या. मी त्या पाहिल्या, पण शेतात ट्रॅक्टर येणारच, म्हणून त्या वेळी त्यांचा वेगळा विचार केला नाही.

तोवर मुलीचे आईवडील जवळच्याच दुसऱ्या गावातून आले. वडिलांनी जावयाची कॉलर धरली. "इन्हीं लोगों ने मारा है मेरी छोरी को," ते ओरडत होते. आई लेकीच्या पायांशी बसून तिच्या तळव्यांवरून हात फिरवत राहिली. मी मर्ग कायम केला, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद घेतली, आणि प्रेत शवविच्छेदनासाठी इंदूरला पाठवले.

त्या रुग्णालयात अमरावतीकडची एक तरुण डॉक्टर नव्यानेच रुजू झाली होती. इंदुरात मराठी बोलणारा अधिकारी भेटल्याचा तिला आनंद होता. त्या दिवशी मात्र तिचा आवाज कोरडा होता.

"सर, मृत्यू बुडूनच झालाय. गळा दाबल्याचं, मारहाणीचं काही नाही. पण तुम्ही म्हणता ती चिखलाच्या तळ्यात बुडाली?"

"हो. मी स्वतः पाहून आलोय."

"मग हिच्या नखांत चिखल का नाही? बोटांची टोकं सोलवटलीत आणि नखांखाली काळ्या प्लॅस्टिकचे बारीक तुकडे आहेत. ही प्लॅस्टिक ओरबाडत होती, सर. बराच वेळ."

शवविच्छेदनाचा हा प्राथमिक निष्कर्ष वरच्या साहेबांना कळवला तेव्हा त्यांना त्यातून खूनच दिसला. कुठेतरी टाकीत बुडवली आणि तळ्यात आणून टाकली, असे त्यांचे म्हणणे. ते अशक्य होते असे मी म्हणणार नाही. मुलीचे वडील रोज चार माणसे घेऊन ठाण्याच्या दारात बसत. जावयाला अटक करा, एवढीच त्यांची मागणी. हुंड्याचा गुन्हा एकदा नोंदला, की त्या पोराची आठ-दहा वर्षे तरी तुरुंगात गेली असती आणि त्याच्या म्हाताऱ्या आईचे नावही त्यात आलेच असते. मी वरच्या साहेबांकडून दोन दिवसांची मुदत मागून घेतली होती.

नवऱ्याला मी ठाण्यात बोलावले. चौकशीच्या खोलीविषयी लोकांच्या फार कल्पना असतात. प्रत्यक्षात तिथे एक टेबल, दोन खुर्च्या आणि घरघर करणारा पंखा असतो. निम्मे काम तो पंखाच करतो, कारण कुणी बोलत नसले की त्याचा आवाज सोसवत नाही. हा पोरगा मात्र ढिम्म बसला होता. पाय घसरला. चिखल होता. दुसरे काही नाही. हुंड्याचे विचारले तर डोळ्यांत पाहून सरळ उत्तर दिले, "एक पैसा नी मांग्यो साब, उनसे पूछ लो." तळ्याचे विचारले की मान खाली.

बाहेर आल्यावर हेडसाहेब म्हणाले, "साहेब, हा झूठ बोलतोय. पर रोना असली आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे बीवीला नाही मारलं यानं. पण तलाबाची बात निकलली का याची नजर भागते. तिथंच काही गडबड आहे."

मलाही तेच वाटले होते. माणूस ज्या गोष्टीत दोषी असतो तिच्याबद्दल तो एक तर फार बोलतो किंवा अजिबात बोलत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला जीपमध्ये घातले आणि थेट तळ्यावर नेले. त्याला बरोबर घेऊन काठाने चालायला लागलो. पहिल्या दिवशी माणसांच्या गर्दीत न दिसलेल्या गोष्टी आता दिसल्या. काठापासून हातभर अंतरावर चारही बाजूंनी एक अरुंद चर होता आणि त्याची माती उकरून नुकतीच परत लोटलेली होती. त्याच्याही बाहेर ठराविक अंतरावर खड्डे होते, खांब उपटून काढल्यावर राहतात तसे.

सरकारी मदतीतून होणाऱ्या शेततळ्याची पद्धत मला माहीत होती. पावसाचे पाणी शेतातच थांबावे म्हणून ही योजना. शेतकऱ्याने तळे खोदायचे, पाणी मुरू नये म्हणून आत पन्नी अंथरायची आणि तिच्या कडा चरात मातीखाली दाबायच्या. पन्नीवर पाणी असले की ती साबणासारखी निसरडी होते. आत गेलेला माणूस वर चढू शकत नाही. म्हणून चारी बाजूंनी तारेचे कुंपण हवे आणि पाण्यात ट्यूब बांधलेला दोर हवा, अशी अट असते. अधिकारी येऊन फोटो काढतो आणि मग मदत शेतकऱ्याच्या खात्यात जमा होते.

मी त्या चरात उभा राहिलो आणि विचारले, "पन्नी कुठाय?"

तो खाली बसला. दोन्ही हातांनी माती धरली आणि मोठ्याने रडायला लागला.

"पन्नी तो म्हारी थी ज नी, साब."

पन्नी त्याची नव्हतीच. मग हळूहळू सगळे बाहेर आले. त्या पट्ट्यात एक एजंट होता. लोक त्याला भैयाजी म्हणत. सिंचनाच्या सामानाची कंपनी चालवायचा. तो शेतकऱ्याला सांगायचा, तळे तू खोद, बाकी माझ्यावर सोड. तपासणीच्या आदल्या दिवशी त्याची माणसे पन्नी, तार, खांब आणि दोर घेऊन यायची. बोअरचे पाणी सोडून तळे भरायचे. फोटो निघाला, की सामान पुढच्या गावाला. मदत आली, की ठरलेला वाटा भैयाजीचा. शेतकऱ्याला पदरचे काही न घालता खोदाईचे पैसे सुटायचे, साहेबाला फोटो मिळायचा. मार्चअखेर असल्याने त्या महिन्यात पन्नीला दम खायला फुरसत नव्हती.

या पोराच्या तळ्याचा फोटो होऊन गेला होता. तार, खांब आणि दोर काढायला सोपे, म्हणून ते दुसऱ्याच दिवशी गेले. पन्नी पाणी उपसल्यावर काढायची होती. कुंपण होते तेवढे दिवस त्याची बायको एका हाताने खांब धरून वाकायची आणि बादली भरायची. त्या सकाळी ती तशीच वाकली. धरायला खांब नव्हता.

"आणि पन्नी?"

सासूने आरडाओरडा केला, लोक धावले, तिला बाहेर काढले, तोवर सगळे संपले होते. अर्ध्या तासात भैयाजीचा ट्रॅक्टर आला. भैयाजी पोराला म्हणाला, पोलिसांनी ही पन्नी बिनतारेची पाहिली तर तुझ्याच निष्काळजीपणाने ती मेली असे ठरेल, तू आत जाशील आणि मदतही वसूल होईल. ट्रॅक्टरला एक कड बांधून पन्नी ओढून काढली, पाणी खड्ड्यातच राहिले. घरात बायकोचे प्रेत, मागे शेतात ट्रॅक्टर, आणि हा ओट्यावर बसून ते ऐकत होता. मला त्याचा अतोनात राग आला आणि त्याच वेळी त्याच्याकडे पाहवत नव्हते.

त्याने पुढच्या गावाचे नाव सांगितले. आम्ही तिथे पोचलो तेव्हा नव्या तळ्यात तीच पन्नी पसरली जात होती. घरची मालकीण हातात वाटी घेऊन उभी होती. वाटीत तेलात कालवलेला शेंदूर. आम्हाला पाहून माणसे पळाली, ती तशीच राहिली. मी पन्नीचा जप्ती पंचनामा करायला घेतला. कडेची माती झटकताना हेडसाहेब थांबले.

"साहेब, इकडे या जरा. इसपे तर पूजा झालेली आहे."

पन्नीच्या कडेला शेंदराचा सातिया होता. सातिया म्हणजे आपले स्वस्तिक. माळव्यात नवी वस्तू घरात आली की बाई तिच्यावर सातिया काढते. ट्रॅक्टर असो, पंप असो. आमच्या घरी नवा फ्रीज आला तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी आधी त्यावर कुंकवाचे स्वस्तिक काढले आणि मगच प्लग लावू दिला. कुंकू पुसता येते. तेलातला शेंदूर प्लॅस्टिकवर बसला की निघत नाही आणि चरातल्या मातीखाली तर तो अधिकच टिकतो. भैयाजीच्या माणसांनी चोळून पाहिले असावे, कारण रंग थोडा पसरला होता, पण आकार शाबूत होता.

आम्ही सगळी कड पालथी घातली. पाच सातिये निघाले. पाच वेगवेगळ्या हातांचे. पाच घरांत पाच बायकांनी ही पन्नी आपली नवी वस्तू म्हणून पुजली होती. एका बाजूला, मध्यापासून कडेकडे, पन्नीवर नखांचे ओरखडे होते. बारीक, उभे, एकाशेजारी एक. कडेच्या बरेच अलीकडे ते थांबले होते. हेडसाहेबांनी टोपी काढली. मी पंचांना ओरखडे मोजायला सांगितले नाही, नुसते "अनेक" असे लिहून घेतले.

भैयाजीला संध्याकाळपर्यंत ठाण्यात आणले. येताना त्याने स्टाफसाठी कचोरीचा पुडा आणला होता. मी तो त्याच्याच माणसाच्या हातात परत दिला.

"भिया, आप तो अपने आदमी हो," तो म्हणाला. "तलाब खुदा के नहीं? पानी रुकेगा के नहीं? मैंने किसी गरीब का कुछ लिया है क्या? सबका भला ही किया."

"एक मुलगी मेलीय."

"बहोत बुरा हुआ भिया. पर मैंने थोड़ी बोला था उसको कि पानी भरने जा."

इतक्या शांतपणे असे बोलणारा माणूस मी खुनी लोकांतही क्वचितच पाहिला. खुन्याच्या अंगाला निदान घाम तरी येतो.

संबंधित खात्याच्या साहेबांना विचारले तर त्यांनी फोटो पुढे केले. प्रत्येक फोटोवर जागेची खूण होती. तळे खरे, शेतकरी खरा, जागा खरी, पन्नी आणि तारही खरी. खोटे म्हणून बोट ठेवावे असे एकाही फोटोत काही नव्हते.

आता माझी सगळी भिस्त त्या सातियांवर होती. हा सातिया माझ्या हातचा, एवढे पाच घरांनी सांगितले असते, की एकच पन्नी पाच ठिकाणी फिरली हे सिद्ध झाले असते आणि भैयाजीने तार काढून नेल्यानेच ती मुलगी मेली हेही उभे राहिले असते. मी पन्नी ठाण्याच्या अंगणात पसरवली आणि आधी मुलीच्या आईला बोलावले. लेकीचा हात आईच ओळखणार, एवढाच माझा हिशेब होता. बरोबर वडीलही आले. ते येताच सुरू झाले, अजून जावयाला अटक का नाही म्हणून.

आई पन्नीच्या कडेने वाकून चालत गेली. एका सातियापाशी थांबली आणि तिच्या चेहऱ्यावर गोंधळ दिसला. पुढे गेली. शेवटच्या सातियापाशी तिने जमिनीवर बसकण मारली. त्या सातियाच्या डोक्यावर एक जास्तीचा ठिपका होता.

"छोटी थी तब से असो ज बनाती थी," ती म्हणाली. सातिया म्हणजे बाईच आहे, तिला टिकली नको का, असे ती मुलगी लहानपणी म्हणायची आणि वर एक ठिपका द्यायची. सासरच्या धान्याच्या कोठीवर तिने काढलेला सातिया आम्ही आधीच पाहून आलो होतो. त्यालाही टिकली होती.

मग आईने मागे वळून त्या आधीच्या सातियाकडे हात केला. "ने वो म्हारा हाथ को हे."

तो तिच्या स्वतःच्या हातचा होता.

मी वडिलांकडे पाहिले. रोज दारात बसून न्याय मागणारा माणूस एकदम वाळून गेल्यासारखा दिसत होता. त्यांच्याही शेतात तळे होते. त्याचा फोटो जावयाच्या आधी निघाला होता. भैयाजीची ओळख जावयाला त्यांनीच करून दिली होती.

"घर चल," ते बायकोला म्हणाले.

ती उठली नाही. मला म्हणाली, "साब, इत्तो सो टुकड़ो म्हके दई दो." टिकलीवाल्या सातियाचा तेवढा तुकडा तिला हवा होता. मी म्हणालो, आत्ता नाही देता येत, हा पुरावा आहे, खटला संपला की मिळेल. नियमाप्रमाणे दुसरे उत्तर नव्हते. तिने मान डोलावली.

त्यानंतर बाकीच्या तीन घरांतल्या बायकांना बोलावले. तिघीही आल्या, मागे पुरुष उभे. एकीने सातियाकडे पाहून बोट उचलले होते. मागून खाकरण्याचा आवाज आला आणि ते बोट खाली गेले. कुणीच काही ओळखले नाही. मुलीच्या वडिलांनी तक्रार मागे घेतली. छोरीचा पाय घसरला, कुणावर संशय नाही, असे लिहून दिले. चार दिवस आधी ज्याची कॉलर धरली त्याच जावयाच्या खांद्यावर हात ठेवून ते ठाण्यातून बाहेर पडले. आईचा जबाब मला मॅजिस्ट्रेटसमोर नोंदवायचा होता. त्या दिवशी ती आली नाही. वडील एकटेच आले. म्हणाले, दुःखाने तिचे डोके ठिकाणावर नाही, कुठलाही सातिया तिला आपलाच वाटतो.

जावई खुनाच्या आरोपातून सुटला. माझ्या हातून त्या प्रकरणात झालेले चांगले काम एवढेच, आणि त्याबद्दल मला कुणी धन्यवाद दिले नाहीत. भैयाजीवर फसवणुकीचा गुन्हा नोंदवला. त्याला जामीन मिळाला. खात्याच्या साहेबांची बदली झाली, तीही त्यांना हव्या असलेल्या जागी.

पन्नी मालखान्यात पडली होती. काही महिन्यांनी सुपुर्दगीचा अर्ज आला. जप्त वस्तू खटल्याचा निकाल लागेपर्यंत मूळ मालकाच्या ताब्यात देता येते. गाड्या अशाच सुटतात. मालक कोण? पाच घरांपैकी कुणीही ती आपली म्हणायला तयार नव्हते. खरेदीचे बिल भैयाजीच्या कंपनीच्या नावावर होते. मी लेखी विरोध केला. पण फोटो आणि पंचनामा झालेला, वस्तू पडून खराब होते, आणि मालकाने हमी दिलेली. कायद्याप्रमाणे आदेश बरोबरच होता. हेडसाहेबांनी सही घेऊन पन्नी ट्रॉलीत चढवून दिली.

पुढे मी निवृत्त झालो. इंदुरात अन्नपूर्णेच्या देवळाच्या बाजूला घर आहे. सकाळी फिरायचे, दुपारी वर्तमानपत्र, असे चालले होते. गेल्या वर्षी एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नासाठी खेड्यात गेलो होतो. मांडवातल्या गर्दीला कंटाळून शेताकडे फिरायला निघालो. वाटेत शेततळे दिसले. नवे, भरलेले. पन्नी होती. कुंपण नव्हते.

एक नवी सून बादली घेऊन येत होती. डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "काकाजी, पानी पियोगे?"

"तार नाही लावली?" मी हिंदीत विचारले.

"लगी थी. फोटू हो गया, तो कल ले गए."

मी कडेची माती हाताने उकरायला लागलो. तिला वाटले असेल म्हातारा भ्रमिष्ट आहे. थोडे पुढे सरकलो आणि शेंदूर दिसला. मग दुसरा. मग तो वर टिकली असलेला. त्याच्याच शेजारी एक नवा कोरा, चकचकीत सातिया होता.

"ये मेरा है," ती कौतुकाने म्हणाली. "और ये बाकी पहले से थे. कंपनी वाले भी पूजा करा के भेजते हैं. अच्छा है ना?"

मी तिला बादली खाली ठेवायला लावली. माझ्या गाडीत गाडी ओढायचा दोर असतो. तो आणून काठच्या बाभळीला पक्का बांधला, दुसरे टोक पाण्यात सोडले, आणि तिला सांगितले की एक हात दोरावर असल्याशिवाय वाकायचे नाही. ती हसून हो म्हणाली. तिथूनच ठाण्याला फोन लावला. आताचा प्रभारी माझ्या हाताखाली तयार झालेला. फार आदराने बोलला.

"सर, आपका हुकुम सर आँखों पर. पर अभी कोई घटना तो हुई नहीं ना, सर."

खिशात सुरी होती. चरात दबलेल्या कडेतून टिकलीवाला सातिया तेवढा कापून घेतला. न्यायालयाने हमीवर सोडलेला मुद्देमाल मी फाडला. ज्याला माझ्यावर गुन्हा नोंदवायचा असेल त्याने खुशाल नोंदवावा.

तुकडा घेऊन मी मुलीच्या आईकडे गेलो. ती अंगणात लसूण निवडत होती. बरीच म्हातारी दिसली. तुकडा तिच्या हातात ठेवला. तिने अंगठा टिकलीवर फिरवला आणि एवढेच विचारले,

"तो वा पन्नी फेर बिछई दी?"

पन्नी परत अंथरली का? मला हो म्हणावे लागले. कुणाच्या घरी, ते विचारले. मी नव्या सुनेचे सांगितले. तिने तो तुकडा परत माझ्या हातात दिला.

"म्हके नी चइये. वणी छोरी के बतई दो."

तिला नको होता. त्या मुलीला दाखवा, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी परत त्या गावी गेलो. सासऱ्याने अंगणातच अडवले. मी कोण आहे हे त्याला तोवर कळले होते. सून मायके गई है, म्हणाला. ती दाराआड उभी होती, तिच्या बांगड्या मला ऐकू येत होत्या. तळ्याकडे पाहिले. बाभळीचा दोर सोडून नेलेला होता.

लोक विचारतात, इतक्या वर्षांच्या नोकरीत काय शिकलात. या प्रकरणात एवढेच शिकलो, की ज्या गुन्ह्यात एकाचाच फायदा असतो त्याला साक्षीदार मिळतात. ज्यात सगळ्यांचा थोडाथोडा फायदा असतो त्याला मिळत नाहीत, घरातले माणूस मेले तरी मिळत नाहीत. हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत आणि शिकवून उपयोगही नाही.

तो तुकडा माझ्या टेबलाच्या खणात आहे. शेंदूर अजून गेलेला नाही. फोटो झाल्यावर ज्याने तळ्याची तार काढू दिली असेल आणि ज्याच्या घरची लेक-सून तिथे पाणी भरायला जात असेल, त्याने अन्नपूर्णेच्या बाजूला येऊन तो एकदा बघून जावा. मी दिवसभर घरीच असतो.